हवेचं वजन

चंद्रपूरहून भामरागडकडे निघालं की वाटेत हवा बदलत जाते. शहर सोडताना पाठीमागे २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची धुरांडी असतात. बल्लारपुरात कोळशाची बारीक काजळी कपड्यांवर बसते आणि कागद कारखान्याचा दर्प काच वर केली तरी आत येतो. कोठारीच्या आसपास जंगल लागतं, गोंडपिपरीपर्यंत छातीला जरा मोकळं वाटतं. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की आलापल्लीच्या वाटेवर सागाच्या पानांवर लाल थर दिसू लागतो. सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज भरून येणाऱ्या ट्रकांमागे उडणारी ती भुकटी. पुढे पेरमिली, ताडगाव, हेमलकसा. त्या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे रात्री गळलेली फुलं पहाटे स्वच्छ जमिनीवर वेचता येतात. त्याचा निळसर धूर सकाळी आठपर्यंत रस्त्यावर रेंगाळत असतो.

ही सगळी हवा गाडीच्या इंजिनात जाते. आपण मोजतो ते डिझेल, पैसे देतो तेही डिझेलचे. पण एक लिटर डिझेल नीट जळायला दहा हजार लिटरांहून जास्त हवा लागते. आलापल्ली ते भामरागड हे अंतर साधारण ६५ किलोमीटरचं. तेवढ्या वाटेत माझी गाडी एखादी मोठी खोली रिकामी होईल इतकी हवा ओढून घेते, आणि ती हवा किती आली याचा हिशेब ठेवणारा एक भाग एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी बसलेला असतो. बोटभर लांबीचा, काळ्या प्लॅस्टिकचा, दोन स्क्रूंनी आवळलेला. गॅरेजमध्ये त्याला एअर फ्लो सेन्सर म्हणतात, किंवा नुसतं ‘एम.ए.एफ.’.

मी भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो. गाडी २०११ सालची आहे, २.२ लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. शहरात राहणाऱ्याला गाडीचा पिकअप कमी झाला तर चिडचिड होते. इथं तो प्रश्न वेगळा असतो. आमच्या मुलामुलींना रात्री-अपरात्री ताप चढतो, साप चावतो, पोटात दुखू लागतं. हेमलकशाचा लोकबिरादरीचा दवाखाना जवळ आहे, बाबा आमट्यांनी १९७३ साली तिथं काम सुरू केलं म्हणून या भागाला आधार मिळाला. पण त्याच्या पुढचे उपचार लागले तर आलापल्ली, अहेरी, गडचिरोली नाहीतर थेट चंद्रपूर. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे दोन जिल्हे झाले खरे, पण पेशंट अजून दोन्ही जिल्ह्यांच्या रस्त्यांवरूनच जातो. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेलं लेकरू असताना गाडीने चढावर दम सोडला, तर चालवणाऱ्याच्या मनाचं काय होतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून या बोटभर भागाबद्दल मला इतकं वाटतं.

त्याचं काम मोठं सुंदर आहे. आत एका पातळ पडद्यावर सूक्ष्म पट्टी असते. तिला वीज देऊन, येणाऱ्या हवेपेक्षा ती कायम ठरावीक अंशांनी जास्त गरम राहील अशी व्यवस्था केलेली असते. हवा तिच्यावरून गेली की ती निवू लागते, बशीतल्या चहावर फुंकर मारावी तशी. जितकी हवा जास्त, तितकी उष्णता जास्त पळते. किती पळाली ते मोजलं की किती हवा गेली ते कळतं. यातली खरी गंमत अशी, की थंड हवा दाट असते, तिच्यात तेवढ्याच जागेत जास्त वजन असतं आणि ती उष्णताही जास्त नेते. त्यामुळे हा सेन्सर हवेची जागा मोजत नाही, वजन मोजतो. इंजिनालाही वजनाशीच मतलब असतो, कारण डिझेल जाळायचं असतं प्राणवायूच्या कणांनी. लिटरभर जागेत ते कण किती आहेत हे तापमानावर आणि दाबावर ठरतं.

वाहत्या हवेत तापलेली तार किती वेगाने निवते, याचं गणित मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लुई व्हेसो किंग यांनी १९१४ साली मांडलं. तेव्हा त्यांच्यासमोर मोटारगाडी नव्हती, नुसती तार होती आणि वारा होता. मोटारीत हवा मोजायला १९७० च्या दशकात आधी झडप आली. हवेच्या जोराने झडप ढकलली जायची आणि ती किती वळली त्यावरून अंदाज बांधायचा. तापलेली प्लॅटिनमची तार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. त्या तारेवर धूळ बसली तर ती खोटं सांगणार, हे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून इंजिन बंद केल्यावर तार क्षणभर हजार अंशांपर्यंत तापवून तिच्यावरची घाण जाळून टाकायची सोय त्यांनी केली होती. पुढे तारेच्या जागी पडद्यावरची पट्टी आली. तिच्याकडे जाणारी हवा आडवळणाच्या वाटेने नेली, म्हणजे जड कण बाहेरच्या बाहेर निघून जावेत. मग जाळण्याची गरज उरली नाही. ही आडवळणाची वाट आलापल्लीच्या रस्त्यासाठी पुरेशी आहे का, हा प्रश्न मला तिथं गाडी थांबवून टायरवरची लाल माती पाहताना पडतो.

ताडोब्यातल्या जिप्सी पाहिल्या की वाटतं, तीही एक रीत आहे. २००० च्या आसपास आलेल्या एमपीएफआय जिप्सीत असा सेन्सर नाहीच. तिथं इंजिनाच्या आतल्या हवेचा दाब आणि तापमान मोजतात, आणि फेऱ्यांच्या हिशेबाने हवा किती असेल ते गणिताने काढतात. हवेच्या वाटेत तापलेली नाजूक पट्टी नाही, त्यामुळे मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या गेटातून दिवसभर धुळीत आत-बाहेर करणाऱ्या गाड्यांना हा एक त्रास तरी नसतो. सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सीची विक्री २०१९ साली थांबली. आणि त्याहून जुन्या जीपगाड्यांत तर काहीच नव्हतं: हवा तेलाच्या वाटीवरून जायची, धूळ तेलात बसायची, पंप मोजून डिझेल द्यायचा, संपलं. अशा गाड्यांना अजून इथं किंमत आहे. दुर्गम भागात चालवणारे लोक ‘वायर नसलेली गाडी’ शोधत असतात, त्यामागे वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

मग आमच्या गाडीत तो कशाला? डिझेल इंजिनाला खरं तर हवा मोजून घ्यायची सवय नाही. हवा पूर्ण घ्यायची, डिझेल हवं तेवढं टाकायचं. पण प्रदूषणाचे नियम कडक झाले, तसा जळालेला धूर थोडा परत आत घ्यावा लागला, म्हणजे आतलं तापमान कमी राहतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. ते काम ई.जी.आर. झडप करते. आता धूर किती घ्यायचा, हे ताजी हवा किती येते त्यावर ठरणार, आणि ते सांगणार एअर फ्लो सेन्सर. शिवाय हवा कमी आहे असं कळलं, तर गाडीचा कॉम्प्युटर डिझेलही कमी करतो, नाहीतर काळा धूर निघेल. म्हणजे लोकांच्या छातीत कमी धूर जावा म्हणून हा सेन्सर गाडीत बसला. त्याचा मी राग करू शकत नाही.

माझ्या गाडीची तक्रार अशी होती, की सपाटीवर सगळं ठीक. चढ लागला, तिसरा गिअर टाकला, पाय दाबला, की गाडी दोन हजार फेऱ्यांच्या पुढे उठायचीच नाही. धूर अजिबात नाही. इंजिनाचा आवाज नेहमीचा. मीटरवरचा पिवळा दिवा कधी लागायचा, कधी विझायचा. चंद्रपुरात एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी ०१०१. तिथं लगेच सांगितलं, सेन्सर गेला, बदलावा लागेल.

या कोडचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ‘पी ०१०२’ आला तर सिग्नल फारच खाली आहे. वायर तुटली असेल, कप्लर निघाला असेल. ‘पी ०१०३’ म्हणजे सिग्नल फारच वर. पण ‘पी ०१०१’ एवढंच सांगतो, की सेन्सर जो आकडा देतोय तो बाकीच्या गोष्टींशी जुळत नाही. का जुळत नाही, ते तो सांगत नाही. सेन्सर खोटं बोलत असेल. किंवा सेन्सर खरं बोलत असेल आणि हवाच खरोखर कमी येत असेल. किंवा सेन्सरला चुकवून कुठूनतरी हवा आत शिरत असेल. या तिन्हींत कोड एकच. स्क्रीनवर ‘एअर फ्लो’ हे शब्द दिसले म्हणून एअर फ्लो सेन्सर काढून फेकणं, याला मी निदान म्हणणार नाही. आमच्या वर्गातला एखादा पोरगा अभ्यासात मागे पडला, तर त्याला ‘ढ’ ठरवण्याआधी त्याला फळा दिसतो का हे पाहावं लागतं. ती पाहणीची जबाबदारी मी गाडीच्या बाबतीतही सोडायला तयार नाही.

आलापल्लीला रस्त्याच्या कडेला एक तरुण मिस्त्री आहे. आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकला, मग काही वर्षं हैदराबादला काम करून परत आला. घरी तेलुगू, गिऱ्हाइकांशी आमची इकडची मराठी. त्याने गाडी ऐकली, स्कॅनर लावायच्या आधी बॉनेट उघडलं आणि म्हणाला, “सर, सेन्सर त कधीबी बदलवता येते जी. पन पह्यले हवा कोठून येऊन रायली ते पाहू द्या.”

त्याने फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर नवाच होता, मागच्या सर्व्हिसला बसवलेला, पण ओरिजिनल नव्हता. कागद ठीक होता. त्याच्या कडेचं रबर एका कोपऱ्यात आखडलं होतं, इतकं की बोटाने दाबलं तरच कळावं. मिस्त्रीने धुतलेल्या पांढऱ्या चिंधीचा तुकडा घेतला, फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे स्वच्छ हवेच्या बाजूच्या नळीत आतून फिरवला आणि माझ्यासमोर उलगडला. चिंधीवर लाल पट्टा होता. गेरू घासल्यासारखा नाही, त्याहून बारीक, तेलकट, बोटाला चिकटणारा. तो वास घेऊन म्हणाला, “हे आपल्या रोडचं आहे.” त्या कोपऱ्यातून किती महिने ही भुकटी आत जात होती कोण जाणे. सेन्सर त्या नळीतच बसलेला.

पण तिथंही तो थांबला नाही, आणि याच गोष्टीसाठी त्याचं कौतुक करावंसं वाटतं. सेन्सरपासून टर्बोपर्यंत जाणारा जाड रबरी होज पाइप त्याने क्लॅम्प सैल करून काढला आणि दोन्ही हातांनी वाकवला. पाइप सरळ असताना धडधाकट दिसत होता. वाकवल्यावर खालच्या बाजूच्या घडीत चीर उघडली. नख जाईल एवढी. टर्बो हवा ओढू लागला की ती चीर उघडते आणि तिथून हवा शिरते. ही हवा सेन्सरवरून गेलेलीच नसते, म्हणून तिची नोंदही नसते. सेन्सर कमी हवा सांगतो, कॉम्प्युटर डिझेल कमी करतो, गाडी उठत नाही, धूर नाही. अगदी माझी तक्रार. आणि वाईट हे, की त्या चिरेतून आलेली हवा गाळलेलीही नसते. खनिजाची भुकटी थेट टर्बोच्या पात्यांवर.

पाइप बदलला, फिल्टरही बदलला. मग इंटरकूलरकडे जाणारे पाइप, त्यांच्या तोंडाशी तेलाचा ओलावा दिसतो का ते पाहिलं, कारण टर्बोनंतरच्या गळतीची खूण तिथं तेलाच्या डागाने उमटते. तिथं कोरडं होतं. गाडी चालवून पाहिली. पुष्कळ सुधारली. कोणीही इथं समाधान मानून पैसे घेतले असते. मला मात्र ओझं घेऊन चढावर अजून ओढ कमी वाटत होती, आणि मिस्त्रीलाही ते पटलं.

मग त्याने स्कॅनर लावला, पण कोड वाचायला नाही, चालू आकडे पाहायला. आणि इथं माझ्या विषयाचा उपयोग झाला. इंजिन २.२ लिटरचं, चार सिलिंडर, म्हणजे एका सिलिंडरची जागा साधारण ५५० घनसेंटिमीटर. मे महिना होता. दुपारी पारा ४६ च्या आसपास. एवढ्या उन्हात, आपल्याकडच्या उंचीवर, एक घनसेंटिमीटर हवेचं वजन साधारण १.०८ मिलिग्रॅम भरतं. म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरला तर दर स्ट्रोकला सुमारे ६०० मिलिग्रॅम. काठोकाठ तो भरत नाही, म्हणून गाडी उभी असताना, ई.जी.आर. बंद ठेवून, पाचशेच्या जरा वर आकडा यायला हवा. मिस्त्रीने ई.जी.आर.ची व्हॅक्युमची नळी काढून तिच्या तोंडात बोल्ट खोचला, म्हणजे झडप बंदच राहावी. उभ्या गाडीत आकडा आला तो अपेक्षेपेक्षा थोडा जास्तच. हे विचित्र होतं; कमी हवा सांगणारा सेन्सर उभ्या गाडीत जास्त सांगत होता.

मग आम्ही चढावर गेलो. तो चालवत होता, मी मांडीवर स्कॅनर घेऊन आकडे वाचत होतो. पाय पूर्ण दाबलेला. दाबाचा सेन्सर सांगत होता, टर्बो बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट दाबाने हवा कोंबतोय. मग सिलिंडरमध्ये नऊशे मिलिग्रॅमच्या आसपास तरी हवा असलीच पाहिजे. एअर फ्लो सेन्सर सहाशेच्या वर जायला तयार नव्हता. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असणं शक्य नव्हतं. चिरलेला पाइप असता तर हा विरोध त्याने समजावून सांगितला असता. पण पाइप आता नवा होता, क्लॅम्प आवळलेले होते, फिल्टरचं रबरही नीट बसलं होतं. आता संशय घ्यायला जागा उरली ती फक्त सेन्सरची. दाबाचा सेन्सर खोटा असता तर? त्याचीही मिस्त्रीने खातरजमा केली: इंजिन बंद, चावी चालू, तेव्हा त्याने बाहेरच्या हवेचा दाब बरोबर दाखवला.

शेवटची खूण मल्टिमीटरने दिली. पाच पिनांचा कप्लर. आधी वीज नीट येते का, अर्थ ठीक आहे का, हे तपासलं. वायर हलवून पाहिल्या, कारण आपल्या रस्त्यांवर गाडी इतकी आदळते की वायर आतून तुटून बाहेरून साबूत दिसते. सगळं ठीक. मग चावी चालू, इंजिन बंद, म्हणजे हवा अजिबात वाहत नाही. या जातीच्या सेन्सरने तेव्हा १ व्होल्ट द्यायला हवा, शंभराव्या भागाचा फरक चालतो. आमच्या सेन्सरने १.१४ दिला. वारा नसताना तो वारा आहे म्हणत होता. पट्टीवर बसलेल्या थराने तिचं शून्यच सरकलं होतं: हळू हवेत जास्त सांगायचा, जोरदार हवेत थरामुळे उष्णता अडायची आणि कमी सांगायचा. सगळे आकडे एका कारणात बसले. तो क्षण मला प्रयोगशाळेत मिळतो त्याहून जास्त आनंद देऊन गेला.

कप्लर काढून गाडी चालवली तर ती चढावर तरतरीत धावली, कारण आता कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकत नव्हता, स्वतःजवळचे ठरीव आकडे वापरत होता. इकडे पुष्कळ चालक हा उपाय कायमचा करून टाकतात. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना काळी-पिवळीत माणसं भरून आज संध्याकाळी घरी पोचायचं असतं. पण कप्लर काढलेली गाडी ई.जी.आर. वापरत नाही, धुराचा अंदाजही घेत नाही. तो धूर आधीच धूळ खाणाऱ्या गावांवर जातो. म्हणून मला तो उपाय नको होता.

सेन्सर काढला. स्टार कीचे दोन स्क्रू. उन्हात धरून आत पाहिलं तर पट्टीवर तपकिरी-लाल साय. मिस्त्रीने फक्त सेन्सरसाठीचा स्प्रे वापरला. कार्ब क्लीनर नाही, चिंधी नाही, कॉम्प्रेसरची हवा तर नाहीच, कारण त्या पडद्याची जाडी केसाहून कमी असते. सुकू दिला, बसवला. व्होल्ट १.०६ वर उतरला. पाऊस सुरू होईपर्यंत त्यावर गाडी ठीक चालली, मग पुन्हा सुस्तावली, तेव्हा नवा ओरिजिनल घेतला. बाजारात त्याच्या पाव किमतीत मिळणारे सेन्सर आहेत. त्यांचा कप्लर बसतो, दिवा विझतो, पण ते ज्या मोजपट्टीने बोलतात ती गाडीच्या कॉम्प्युटरची नसते. त्यांत पैसे घालू नयेत असं मी स्पष्ट सांगेन. आणि फिल्टर घेताना कागदापेक्षा कडेचं रबर आधी पाहावं.

डिसेंबरात सकाळी दहा अंशांच्या थंडीत मी मुद्दाम पुन्हा आकडे पाहिले. तेव्हा हवेचं वजन घनसेंटिमीटरला १.२२ मिलिग्रॅम, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारपेक्षा आठव्या हिश्श्याने जास्त. नव्या सेन्सरने तेवढीच वाढ दाखवली. मिस्त्री आता वहीत प्रत्येक गाडीच्या आकड्याशेजारी महिना आणि तापमान लिहितो. मे महिन्यातला निरोगी आकडा डिसेंबरात आजारी ठरू शकतो, हे लक्षात न घेता पुस्तकातल्या एका आकड्याशी तुलना करणारे मोठमोठे वर्कशॉप मी पाहिले आहेत.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. हा सेन्सर हवेचं वजन सांगतो. हवेत काय आहे ते सांगत नाही. ते त्याच्यावर साचतं, आणि तो बिघडला की आपल्याला कळतं. गाडीला निदान फिल्टर आहे, बदलायला नवा सेन्सर आहे. आष्टी-आलापल्ली रस्त्याकाठच्या घरांत तीच हवा चोवीस तास आहे. विहिरीच्या कठड्यावर, वाळत घातलेल्या मोहफुलांवर, शाळेच्या बाकांवर तोच लाल थर बसतो. चंद्रपूरचं निदान तरी आकड्यात झालं होतं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक आला. ७० च्या वर गेलं की पट्टा गंभीर मानतात. त्या आकड्यामुळे लोकांना प्रश्न विचारता आले, सरकारला उत्तरं द्यावी लागली. शहरात हवा मोजणारी केंद्रं आहेत, रोजचा आकडा कोणालाही पाहता येतो. माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, ट्रकांच्या रांगा लागतात तिथं, असं यंत्र मला कधी दिसलेलं नाही. ते बसलं पाहिजे. रस्त्यावर पाणी मारलं, ट्रकांवर ताडपत्री बांधली, एवढ्याने हवा सुधारली की नाही हे मोजल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून या वर्षी आठवीच्या मुलांनी काचपट्ट्यांवर व्हॅसलिनचा पातळ हात दिला आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी टांगल्या: शाळेच्या मागच्या जंगलात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघराबाहेर, आणि एका मुलाच्या मामाच्या घरी, आलापल्लीच्या रस्त्याला लागून. आठवड्याने गोळा केल्या. जंगलातल्या पट्टीवर परागकण आणि एक मुंगी होती. स्वयंपाकघराबाहेरची काळी. मामाच्या घरची भिंगाखाली धरली तेव्हा एका मुलीने विचारलं, “सर, यातलं छातीत किती जाते?” मोठे कण नाकात आणि घशात अडतात, अडीच मायक्रॉनहून बारीक असतात ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. पण तिने ‘काय जाते’ असं विचारलं नव्हतं, ‘किती’ विचारलं होतं. त्याला भिंग पुरत नाही. दिवाळीनंतर पट्ट्या पुन्हा त्याच जागी टांगायच्या आहेत, टांगण्याआधी आणि काढल्यावर तोलायच्या आहेत. मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे, आणि तिथल्या प्राध्यापकांनी मुलांना घेऊन या म्हणून सांगितलं आहे.